नंबर खरा, मग गाडीही खरी का? : जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या ओळखीची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ जमेल तितके काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग गाड्यांवर आहे. पण गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, सनरूफ आहे का, यातलं काही नाही. आजचा प्रश्न वेगळा आहे. एखादी जुनी गाडी ‘तीच’ आहे हे ठरवायचं कशावरून? कंपनीने सगळ्यात आधी बनवलेली, हाताने ठोकून तयार केलेली, प्रोटोटाइप म्हणावी अशी एखादी स्पोर्ट्‌स कार साठ वर्षांनी कुणाच्या तरी गोठ्यात सापडते. ती खरी आहे की कुणी मागाहून बनवलीय, हे शोधणारी माणसं नेमकं काय बघतात?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. दिवसभर डेटाबेस आणि लॉग यांच्यात डोकं घालून बसतो. त्यामुळे हा विषय वाचायला घेतला तेव्हा मला तो ओळखीचाच वाटला. प्रत्येक रेकॉर्डला एक युनिक आयडी असतो, आणि आयडी बरोबर आहे म्हणून आतला डेटा बरोबर असेलच असं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं. गाड्यांच्या जगातही अगदी तसंच आहे. फक्त इथे एका चुकीच्या आयडीची किंमत काही कोटी रुपये असू शकते.

चला, सुरुवात करूया एका गंजलेल्या गाडीपासून.

गोठ्यातली ३०० ०५७

२०१४ साल. जर्मनीत जुन्या वस्तू शोधून त्यांची किंमत काढणारा एक टीव्ही कार्यक्रम आहे. त्या टीमला ब्रॅन्डेनबुर्ग भागातल्या एका जुन्या गोठ्यात दोन पोर्शे सापडल्या. एक सोनेरी रंगाची ९११ एल. दुसरीला गाडी म्हणायचं का, हाच प्रश्न. पुढचे मडगार्ड गायब, ब्रेक बंद, आणि गंज एवढा की बऱ्याच ठिकाणी पत्रा नावालाच उरलेला. टीमने किंमत विचारायला स्टुटगार्टच्या पोर्शे म्युझियमला फोन केला. म्युझियमवाल्यांनी चासी नंबर मागितला. नंबर होता ३०० ०५७.

आता या नंबरात एवढं काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९६३ च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये पोर्शेने एक नवी गाडी दाखवली. तिचं नाव ९०१. त्याआधी कंपनी वर्षानुवर्षं ३५६ विकत होती, ही तिची वारसदार. शोनंतर विक्रीची गाडी प्रत्यक्ष तयार व्हायला आणखी वर्ष गेलं. उत्पादन सुरू झालं सप्टेंबर १९६४ मध्ये. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या शोनंतर फ्रेंच कंपनी प्यूजोने हरकत घेतली : तीन आकडे आणि मध्ये शून्य, अशी नावं आमची आहेत. प्यूजोच्या ४०३, ४०४ रस्त्यावर धावतच होत्या, त्यामुळे त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. नोव्हेंबर १९६४ मध्ये पोर्शेने शून्याच्या जागी एक घातला आणि ९०१ ची ९११ झाली. आज जगात कुणालाही झोपेतून उठवून विचारा, पोर्शे म्हणजे ९११. पण तोपर्यंत ८२ गाड्या ९०१ या नावाने तयार झाल्या होत्या. त्या विकल्या मात्र ९११ म्हणूनच गेल्या.

म्हणजे बघा, बाहेरच्या नावावरून या ८२ गाड्या ओळखायला काही मार्गच नाही. पाटी बदलली, जाहिरात बदलली. पण कारखान्याच्या आत मात्र जुनं नाव टिकून राहिलं. त्या काळातल्या ९११ च्या कितीतरी सुट्या भागांचे नंबर ९०१ नेच सुरू होतात. कुठल्याही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे दिसतं. प्रॉडक्टचं नाव मार्केटिंगवाले तीनदा बदलतात, पण कोडमध्ये फोल्डरचं नाव पहिलंच राहतं. कारण ते बदलायला कुणाला वेळ नसतो आणि बदललं तर दहा गोष्टी मोडतात. इतिहासकाराला असे आळस फार उपयोगी पडतात.

तर ३०० ०५७ हा नंबर म्युझियमने आपल्या नोंदींशी ताडून पाहिला आणि कळलं की ही गाडी ऑक्टोबर १९६४ ची आहे. नाव बदलायच्या आधीची. गंमत म्हणजे तोवर खुद्द पोर्शे म्युझियमकडे एकही ९०१ नव्हती. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून किंमत काढून घेतली आणि गाडी विकत घेतली. त्या गंजलेल्या सांगाड्याचे १ लाख ७ हजार युरो दिले आणि सोनेरी ९११ एल चे १४ हजार ५०० युरो. दुसरी गाडी कितीतरी बऱ्या अवस्थेत होती. दोन्हींतला सगळा फरक हा त्या नंबराचा फरक होता.

पुढे तीन वर्षं काम चाललं. १९६५ च्या एका ९११ च्या बॉडीतून त्या काळचा पत्रा कापून घेतला आणि गंज खाल्लेल्या जागी बसवला. आजचा नवा पत्रा वापरणं सोपं होतं, पण त्यांनी ते टाळलं. डिसेंबर २०१७ मध्ये ती लाल गाडी म्युझियममध्ये उभी राहिली.

नंबर असतो कुठे?

आता जरा तांत्रिक बोलू. कंटाळा येणार नाही, शब्द.

आज आपल्या गाडीवर जो १७ अक्षरांचा नंबर असतो तो जगभर एका पद्धतीने बनतो. पहिली तीन अक्षरं बनवणारा कोण ते सांगतात. मारुतीचा नंबर ‘एमए३’ ने सुरू होतो, टाटाचा ‘एमएटी’ ने. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. पण ही शिस्त आली ऐंशीच्या दशकात. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपली आपली पद्धत. कुणी एकपासून मोजायचं, कुणी तीन लाखांपासून. फेरारीने तर बरीच वर्षं रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम नंबर दिले.

आणि नंबर एकच नसायचा. जॅग्वारची ई-टाइप घ्या. तिच्या पाटीवर चार नंबर असतात : गाडीचा, इंजिनाचा, बॉडीचा आणि गिअरबॉक्सचा. इंजिनाचा नंबर ‘आर’ ने सुरू होतो आणि शेवटी -८ किंवा -९ असतं. तो आकडा इंजिनाचं कॉम्प्रेशन सांगतो. हे चारही नंबर कारखान्याच्या रजिस्टरमधल्या एकाच ओळीत सापडले, तर गाडीला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात आणि किंमत उडी मारते.

गाडीचा नंबर ठोकलेला कुठे असतो हेही महत्त्वाचं आहे. ई-टाइपचा मागचा अर्धा भाग पत्र्याची एकसंध पेटी आहे, आणि पुढे इंजिन धरायला नळ्यांची एक चौकट बोल्टने जोडलेली आहे. नंबर ठोकलाय त्या पुढच्या चौकटीवर. म्हणजे जो भाग अपघातात सगळ्यात आधी वाकतो आणि जो बोल्ट काढून बदलता येतो, त्याच्यावर! साठ वर्षांत एखाद्या गाडीची चौकट बदलली गेली आणि जुनी कुणीतरी भंगारातून उचलली, तर काय होईल? एकाकडे खरी बॉडी, दुसऱ्याकडे खरा नंबर. दोघंही म्हणणार, गाडी माझ्याकडे आहे. आणि दोघंही तसे पूर्ण खोटं बोलत नसतील.

आपल्याकडे ज्याने कधी सेकंडहँड गाडी नावावर करून घेतलीय त्याला चासी नंबरची पेन्सिल प्रिंट माहीत असेल. आमच्या घरच्या स्कूटरच्या वेळी मी लहान होतो. एजंटने नंबरावर पातळ कागद ठेवला, वर पेन्सिल आडवी धरून घासली आणि कागदावर नंबर पांढरा उमटला. तो कागद फॉर्मला चिकटवायचा. मला तेव्हा ती जादू वाटली होती. पण यात तर्क पक्का आहे. नंबर हाताने लिहून दिला तर त्यात फक्त आकडे येतात. घासून घेतला तर आकड्यांचा आकार, खोली, वाकडेपणा, दोन आकड्यांमधली जागा, सगळं येतं. एखादा ३ जरा डावीकडे कललेला असेल तर तोही येतो. मोठमोठे लिलाव होतात तिथले तज्ज्ञसुद्धा हेच करतात. त्याच कारखान्यातल्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांच्या नंबरांचे फोटो शेजारी ठेवतात आणि ठशांचा साचा तोच आहे का ते बघतात.

आणि कुणी नंबर घासून काढला असेल तर? इथे धातू स्वतः साक्ष देतो. लोखंडावर ठसा मारला की फक्त वरचा खड्डा पडत नाही. खालचे कणही दबतात. वरून कानस मारून पृष्ठभाग गुळगुळीत केला तरी तो दाब खाली राहतो. मग त्या जागी पॉलिश करून विशिष्ट आम्ल लावलं की दबलेला भाग आणि साधा भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात आणि जुना आकडा सावलीसारखा वर येतो. चोरीच्या गाड्यांसाठी आपल्याकडच्या फॉरेन्सिक प्रयोगशाळाही हीच पद्धत वापरतात. डिलीट केलेली फाइल डिस्कवरून परत काढतात ना, तसंच काहीसं.

नंबर गप्प बसतो तेव्हा पत्रा बोलतो

प्रोटोटाइपच्या बाबतीत अडचण अशी की नंबरावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. प्रोटोटाइप म्हणजे प्रयोगाची गाडी. ती विकायची नसते, त्यामुळे कित्येकदा तिला विक्रीच्या रांगेतला नंबरच नसतो. प्रयोग विभागाचा काहीतरी वेगळा नंबर असतो. तिचं इंजिन चार वेळा बदलतात. काम झालं की कापून भंगारात टाकतात.

मग बघायची बॉडी.

पहिल्या गाड्या साच्यातून छापलेल्या नसतात. लाकडी ठोकळ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून कारागीर हातोडीने आकार देतात. त्यामुळे डावी आणि उजवी बाजू कधीच तंतोतंत सारखी नसते, दोन्हींत काही मिलिमीटरचा फरक राहतो. आजच्या नकलेत उलट होतं. कॉम्प्युटरवर मोजून बनवलेली नक्कल दोन्हीकडे सारखी निघते, आणि त्या सारखेपणावरूनच ती पकडली जाते. जोड गॅस वेल्डिंगचा आहे की नंतरच्या पद्धतीचा, स्क्रूला साधी एक खाच आहे की फुलीची, ब्रिटिश गाडीत बोल्टचे आटे त्या सालाला शोभणारे आहेत का, रंगाच्या थरांचा क्रम काय, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे कारागिराने पेन्सिलीने किंवा खडूने बॉडीचा नंबर लिहिलाय का, हे सगळं तपासतात. शेवटची खूण मला सगळ्यात आवडते. ती खूण इतिहासासाठी केलेली नव्हती. हे दार कुठल्या गाडीचं, हे संध्याकाळी विसरायला नको म्हणून कुणीतरी ती केली होती.

उदाहरण पुन्हा ई-टाइपचंच घेतो. पहिल्या सुमारे ५०० गाड्यांत बॉनेटचं कुलूप बाहेर होतं. वेगळी किल्ली घालून ते फिरवावं लागे. नंतर ते आत गेलं. सुरुवातीला पायाखालची जमीन सपाट होती, उंच माणसाचे गुडघे स्टीअरिंगला लागायचे. १९६२ मध्ये तिथे खोलगट जागा केली. बॉनेटवर गरम हवा बाहेर जायला ज्या फटी असतात, त्या आधी वेगळ्या पट्टीत करून ती पट्टी बॉनेटला जोडत. नंतर बॉनेटच्या पत्र्यातच छापायला लागले. असे दहा-बारा बदल तारखेवार मांडले की गाडीवर एक टाइमलाइन तयार होते. नंबर सांगतो एप्रिल १९६१ आणि पायाखालची जमीन सांगते १९६२, तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि उलटही होतं. सपाट जमिनीच्या गाडीला भाव आहे म्हटल्यावर नंतरच्या गाडीची जमीन कापून सपाट करणारेही निघतात. म्हणून एका खुणेवर कुणी निकाल देत नाही.

९६०० एचपी

ई-टाइपचा विषय निघालाय तर त्या घराण्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाडीची गोष्ट सांगायलाच हवी.

१५ मार्च १९६१, जिनिव्हा. जॅग्वारचे मालक सर विल्यम लायन्स जगातल्या पत्रकारांना नवी गाडी दाखवणार होते, एका बागेतल्या रेस्टॉरंटपाशी. आणि गाडी वेळेला तिथे नव्हतीच! कंपनीचे बॉब बेरी ती इंग्लंडहून रात्रभर चालवत आणत होते. कार्यक्रमाला जेमतेम काही मिनिटं असताना ती पोहोचली, घाईघाईने धुतली आणि पडद्यापुढे उभी केली. तिची नंबरप्लेट होती ९६०० एचपी.

लोक अक्षरशः वेडे झाले. प्रत्येकाला चक्कर मारायची होती आणि एका गाडीने भागेना. मग कॉव्हेंट्रीला निरोप गेला : दुसरी घेऊन निघा. टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस ७७ आरडब्ल्यू ही उघड्या टपाची गाडी घेऊन निघाले आणि रातोरात सुमारे हजार किलोमीटर अंतर कापून सकाळी जिनिव्हात हजर झाले.

त्याच महिन्यात ‘ऑटोकार’ने ९६०० एचपी चाचणीसाठी घेतली आणि ताशी १५० मैलांचा, म्हणजे २४० किलोमीटरच्या वरचा वेग नोंदवला. विक्रीला आलेल्या गाड्या सहसा तिथवर पोहोचत नसत, कारण चाचणीची गाडी खास तयार केलेली होती. म्हणजे प्रोटोटाइप हा नुसता पहिला नमुना नसतो. कंपनीला जगाने आपल्याला जसं बघावं असं वाटतं, तशी ती गाडी असते.

एवढी गाजलेली गाडी, तर ती जपली असेल ना? छे. कंपनीच्या दृष्टीने ती वापरलेली चाचणीची गाडी होती. विकून टाकली. पुढे एकाकडून दुसऱ्याकडे गेली, गंजली, विसरली गेली. १९७७ मध्ये जॅग्वारचे अभ्यासक फिलिप पोर्टर यांनी ती घेतली, वीसेक वर्षं तशीच ठेवली आणि २००० च्या सुमारास ती दुरुस्त होऊन रस्त्यावर आली. चासी नंबर ८८५००२. आज अस्तित्वात असलेली ही सगळ्यात जुनी ई-टाइप मानतात. इथे नंबर, १९६१ चे पत्रकारांचे फोटो आणि हाताने बनवलेल्या बॉडीतले बारकावे, तिन्ही एकच गोष्ट सांगतात. म्हणून वाद नाही. असं भाग्य थोड्या गाड्यांच्या वाट्याला येतं.

उरलेले नंबर

आता गंमत बघा. आत्तापर्यंत आपण गाडी आहे आणि नंबर शोधतोय. पण नंबर आहे आणि गाडीच नाही, असं असेल तर?

१९५७ मध्ये जॅग्वार आपल्या शर्यतीच्या डी-टाइपवरून रस्त्यावर चालवायची एक्सकेएसएस बनवत होती. योजना २५ गाड्यांची. १२ फेब्रुवारीच्या रात्री ब्राऊन्स लेनच्या कारखान्याला आग लागली. १६ गाड्या झाल्या, ९ कधीच झाल्या नाहीत. १९६३ मध्ये हलक्या ॲल्युमिनियमच्या ई-टाइप बनवायच्या होत्या. नंबर काढले १८, गाड्या झाल्या १२. सहा नंबर वहीत तसेच पडून राहिले.

२०१४ मध्ये जॅग्वारने जाहीर केलं की त्या सहा नंबरांच्या गाड्या आता आम्ही बनवतो. २०१६ मध्ये म्हणाले, आगीत गेलेल्या ९ एक्सकेएसएसही बनवतो. २०१८ मध्ये डी-टाइप : तेव्हा १०० ची योजना होती, ७५ झाल्या होत्या, मग उरलेल्या २५ आता. गाड्या जुन्या पद्धतीने, हाताने बनवलेल्या, आणि किंमत दहा लाख पौंडांच्या पुढे.

या गाड्या खोट्या आहेत का? बनवणारी कंपनी तीच. नंबर तेव्हाच्या वहीतला. कुणाला फसवलेलं नाही, कुठल्या साली बनवल्या ते उघड सांगितलंय. पण मला यात एक खटकतं. बॅकडेट करून केलेली एंट्री तांत्रिकदृष्ट्या कितीही स्वच्छ असली तरी त्या साली ती घटना घडली होती असं होत नाही. १९५७ ची ती आग, तो तोटा, ‘या नऊ झाल्याच नाहीत’ हाच तर त्या नंबरांचा इतिहास होता. रिकामी जागा हीसुद्धा नोंद असते.

पोर्शेने याच्या बरोबर उलट केलं, आणि ते मला जास्त पटतं. पोर्शे नावाची पहिली गाडी ३५६ क्रमांक एक, ८ जून १९४८ रोजी ऑस्ट्रियात तिला परवाना मिळाला. ती मूळ गाडी आजही कंपनीकडे आहे. पण मधल्या वर्षांत तिच्या बॉडीत बरेच फेरफार झाले. दारं मोठी केली, पुढचा भाग बदलला. २०१८ मध्ये सत्तरीनिमित्त तिला मूळ रूपात दाखवायचं होतं. सहज पत्रा कापून ‘मूळ’ करता आली असती. म्युझियमने ठरवलं की मूळ गाडीला हात लावायचा नाही. त्यांनी जुने फोटो आणि आराखडे समोर ठेवून वेगळी बॉडी हाताने ठोकून घेतली, आत इंजिनसुद्धा बसवलं नाही, आणि तिला उघड प्रतिकृती म्हटलं. म्हणजे जिच्यावर झालेले सगळे बदल दिसतात ती खरी. जी अगदी पहिल्या दिवसासारखी दिसते ती नक्कल.

कोर्टात उभी राहिलेली बेंटली

शेवटची गोष्ट मोठी आहे, आणि खरा प्रश्न तिच्यातच आहे.

बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली. शर्यतीची गाडी ती. दर मोसमाला काहीतरी बदलणार. १९३१ मध्ये ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी तिचं रूप बदललं, तीही जिंकली. १९३२ मध्ये तिच्यात आठ लिटरचं मोठं इंजिन घातलं. त्याच सप्टेंबरमध्ये ब्रुकलँड्सच्या उतरत्या कडेवरून ती बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी जागीच गेले. आदल्याच वर्षी त्यांच्या भावाने, जॅकने, याच गाडीवर शर्यत जिंकली होती. नंतर गाडी पुन्हा बांधली, या वेळी बंद टपाची कूपे म्हणून.

१९९० मध्ये तिचा सौदा झाला : १ कोटी पौंड. मग विकत घेणारी कंपनी मागे हटली. त्यांचं म्हणणं, ही ‘ओल्ड नंबर वन’ नाहीच. १९२९ मध्ये ल मांला जी धावली तिचा जवळजवळ एकही मोठा भाग यात नाही. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर. न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांनी भागाभागाचा हिशोब मांडला. कुठला तुकडा १९२९ चा, कुठला १९३० चा, कुठला १९३२ चा.

खरेदीदाराचं म्हणणं भागांच्या बाबतीत बरोबर निघालं. १९२९ चं म्हणावं असं त्यात जवळपास काही उरलं नव्हतं. तरी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींचा तर्क असा : ही गाडी कधी मोडीत निघाली आणि मग पुन्हा उभी केली, असं झालेलं नाही. ती एका रूपातून दुसऱ्यात जात राहिली, आणि प्रत्येक टप्प्यावर ती ‘ओल्ड नंबर वन’च होती. तिला ‘ओरिजिनल’ म्हणता येणार नाही. पण ‘ऑथेंटिक’ म्हणता येईल, कारण तिचा इतिहास सलग आहे.

हा निकाल वाचताना मला नागसेन आठवले. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादला सुरू केलेल्या कॉलेजला मिलिंद हे नाव दिलं ते याच राजाचं. राजा रथातून आलेला असतो. नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाकं? सांगाडा? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? शेवटी ठरतं की हे सगळं एकत्र आलं की त्याला ‘रथ’ हे नाव चालतं. वेगळी ‘रथ’ नावाची वस्तू आत लपलेली नाही. दोन हजार वर्षं झाली असतील या संवादाला, आणि १९९० मध्ये लंडनचं कोर्ट तोच प्रश्न घेऊन बसलं होतं. फक्त रथाला आठ लिटरचं इंजिन होतं.

मग ओळख ठरते कशी?

माझ्यापुरतं उत्तर असं आहे. चासी नंबर हा दावा आहे. बॉडी हा पुरावा आहे. आणि मधली सगळी कागदपत्रं, म्हणजे कारखान्याची वही, विक्रीची पावती, शर्यतीचे फोटो, गॅरेजची बिलं, हा साक्षीदार आहे. एकट्या दाव्यावर निकाल देता येत नाही. एकटा पुरावाही अपुरा पडतो, कारण पत्रा जोडता येतो, कापता येतो. तिन्ही एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा माणूस छातीठोकपणे बोलू शकतो. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर शेवटची फाइल बघून प्रोजेक्ट ओळखू नका, कमिट हिस्टरी बघा. सगळ्या ओळी बदललेल्या असल्या तरी साखळी तुटलेली नसेल तर प्रोजेक्ट तोच आहे.

कुणी म्हणेल, श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला काय त्याचं? मला नाही तसं वाटत. ब्रुकलँड्सला एक माणूस त्या गाडीत गेला. कॉव्हेंट्रीत, स्टुटगार्टमध्ये कुणीतरी दिवसभर हातोडी मारून तो पत्रा वळवला आणि मागे खडूने नंबर लिहिला. खोटी गाडी खरी म्हणून उभी राहते तेव्हा पैसे देणारा फसतोच, पण या माणसांच्या नावावरचं कामही दुसऱ्याच कशाला तरी चिकटतं.

आपल्याकडे जुन्या गाड्या जपणारे आता वाढतायत. प्रीमियर पद्मिनी, जुन्या जीप, राजदूत, चेतक. त्यांच्यासाठी एक विनंती. गाडी दुरुस्त करायला द्याल तेव्हा आधी फोटो काढा, काढलेला भाग गंजलेला असला तरी टाकू नका, आणि जुनं आरसी बुक, पहिल्या शोरूमची पावती, सर्व्हिसची पिवळी पडलेली कार्डं एका फाइलमध्ये घाला. नंबरावर रंगाचा जाड थर बसू देऊ नका. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं ‘ही तीच का?’ तर तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल, फाइल असेल.

तर मंडळी, आज इथेच थांबतो. तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी असेल तर तिची गोष्ट मला नक्की कळवा, नंबरासकट नको, नुसती गोष्ट. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.